टिपा सोडून

मिस्त्रींनी टपालवाल्यांचा जुना पेला नव्या साच्यावर चढवला आणि कानाशी नेऊन हलवला.

“इंजिनीअर, ऐकतेस ना? खुळखुळा झालाय.”

ती संगणकासमोरून उठून आली. पेला म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग; गुडघ्याखाली उरलेला पाय त्यात बसतो. साचा म्हणजे त्या उरलेल्या पायाची नक्कल, नव्या यंत्राने सकाळीच फोममधून कोरून दिलेली. दोन्ही एकमेकांत चपखल बसायला हवे होते. तिने फटीत करंगळीचं नख घातलं. नख आरामात आत गेलं.

“पेला झिजला असेल.”

“आठ वर्षं घालतायत टपालवाले. पेला तळाशी तडकलाय, पण झिजेल कसला? तुझ्या वडिलांच्या हातचा आहे.”

बाबा खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरायची त्यांना आता सवयच झाली होती.

तो उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरू लागला होता. ओल्या प्लास्टरवर सुरी धरायची तर हात दगडासारखा लागतो. म्हणून कोरणारं यंत्र आलं. यंत्राला हात नको होते, आकडे हवे होते, आणि आकडे दोनशे चौदा फायलींत होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनेच बाबांना मापं नोंदवायचा एक प्रोग्राम लिहून दिला होता. तो प्रत्येक माणसाची एक एक्सएमएल फाइल करायचा: साधा मजकूर, प्रत्येक आकड्याच्या आधी आणि नंतर कंसातली खूण, हा घेर, ही उंची, हा पाय उजवा. तो प्रोग्राम आता नव्या संगणकावर चालत नव्हता. त्या खुणा एकेक करून वाचायच्या आणि मजकुरातून यंत्राला कळेल असा अख्खा पाय पुन्हा उभा करायचा, यासाठी तिने अकरा दिवस खपून पार्सर लिहिला होता. काल दोनशे चौदा फायलींतून दोनशे चौदा पाय उभे राहिले. ते उलट पुन्हा मजकुरात लिहून तिने मूळ फायलींशी ताडून पाहिले होते. कानामात्रेचाही फरक नव्हता.

आणि आता हा खुळखुळा. टपालवाले उद्या अकराला येणार होते, अर्ध्या दिवसाची रजा काढून. आकड्यांवर भरवसा नसेल तर दोनशे चौदा माणसांना पुन्हा बोलवायचं, पुन्हा प्लास्टर गुंडाळायचं. कोणाच्या हातांनी, हे कोणीच विचारत नव्हतं.

तिने साच्याच्या मध्याला टेप लावून घेर सेंटीमीटरांत घेतला. अठ्ठावीस. पार्सरला विचारलं, अठ्ठावीस. फाइल उघडली, अठ्ठावीस.

“यंत्र खरं, फाइल खरी, तू खरी,” मिस्त्री म्हणाले. “मग काय माझा कान खोटा?”

“पेल्याचं आतून माप घ्या.”

मिस्त्रींनी कागदाची पट्टी पेल्याच्या आत गोल फिरवली, पेन्सिलीने खूण केली, पट्टी टेबलावर सरळ केली. पावणेएकोणतीस. त्याच्या वरच्या उंचीवर साडेएकतीस, फाइलीत एकतीस. खालच्या उंचीवर सव्वासव्वीस, फाइलीत सव्वीस.

फाइलीत कमी, पुन्हा कमी, पुन्हा कमी. कुठेच जास्त नाही, आणि कुठेच पूर्ण एकाने नाही. तिने जुन्या प्रोग्रामचा मूळ मजकूर शोधून काढला आणि घेराची ओळ गाठली. घेर पूर्ण आकड्यात साठवायचा, असं तिथे तिनेच लिहून ठेवलं होतं. पाव, अर्धा, पाऊण, जे काही वर असेल ते प्रोग्राम मुकाट्याने कापून टाकत होता. पंधरा वर्षं.

म्हणजे फायली वाचवून उपयोग नव्हता. हवं होतं ते कधी त्यांच्यात पोचलंच नव्हतं. मग उगाच काहीतरी करायचं म्हणून टपालवाल्यांची मूळ फाइल आणि तिने उलट लिहिलेली फाइल शेजारीशेजारी ठेवली. मूळ फाइल जवळजवळ दीडपट मोठी होती.

कानामात्रेचाही फरक नाही, तर ही फाइल जाड कशी? तिने ताडून पाहायच्या प्रोग्रामची खिडकी उघडली. ‘टिपा सोडून’ या चौकटीत बरोबरची खूण होती. खूण तिनेच केली होती. टिपा म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेलं खरडकाम. पार्सर ते ओलांडून पुढे जातो, तीही गेली होती. तिने खूण काढली.

मूळ फाइलीची डावी बाजू वरपासून खालपर्यंत फरकांनी लाल झाली.

अठ्ठाविसाखाली: ‘पावणेएकोणतीस.’ एकतिसाखाली: ‘३१॥ धरणे.’ सव्विसाशेजारी: ‘वर पाव आहे, गेला.’

तिने दुसरी फाइल उघडली. तिसरी. सगळीकडे बाबा होते.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं.”

“काय?”

“प्रोग्राम चुकतोय ते.”

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “पाय बसत होते.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगणार होतो, पहिल्याच आठवड्यात. तू फोनवर मैत्रिणीला सांगत होतीस, माझा प्रोग्राम खरीखुरी माणसं वापरतात म्हणून.” त्यांनी उजवा हात जरा घट्ट दाबला. “तूच दाखवलं होतंस, टिपेच्या या खुणांच्या मध्ये काहीही लिहा, प्रोग्राम बघत नाही. म्हटलं, बरं आहे. तिथे लिहून ठेवू.”

“आणि मला दम दिला,” मिस्त्री म्हणाले, “की छापील कागदावरचा आकडा बघायचा नाही, यांना विचारायचं. पंधरा वर्षं विचारतोय. मला वाटलं, मालकांना तेवढाच मान हवाय.”

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. तिने खुर्ची पुढे ओढली.

पार्सरला टिपा दिसत होत्याच, फक्त त्याने त्या टाकून द्यायच्या नाहीत, एवढंच त्याला सांगायचं होतं. खरी डोकेदुखी पुढे होती. बाबांच्या टिपांना शिस्त नव्हती. काही आकड्याखाली, काही आकड्यावर, काही तिन्ही मिळून फाइलीच्या शेपटाशी. कुठे अंक, कुठे अक्षरं, कुठे पाव-अर्ध्यासाठी उभ्या दंडाच्या खुणा. सव्वा, साडे, पावणे या सगळ्यांचा तिने तक्ता केला. चुकीच्या आकड्याला चुकीची टीप चिकटली तर ओळखायचं कसं, याचा विचार करताना तिच्या लक्षात आलं की खरं माप फाइलीतल्या आकड्याहून कमी असूच शकत नाही आणि पुढच्या पूर्ण आकड्याला पोचू शकत नाही. तिची चूक आता चाळणीच्या कामी येणार होती. चाळणीत अडकेल ते तपासायचं, बाकी पुढे.

दुपार कलेपर्यंत पाचच फायली अडकल्या. त्या तिने बाबांना वाचून दाखवल्या. चार त्यांना आठवल्या. पाचवीला म्हणाले, “या बाईंना बोलवावंच लागेल.”

“दोनशे चौदात एक,” मिस्त्री म्हणाले. “तेवढ्या एकीला मी पालखीतून आणतो.”

उरल्या आकडा नसलेल्या टिपा. ‘चढावर घर आहे.’ ‘बाहेरच्या बाजूला जुना व्रण, तिथे सैल ठेवणे.’ आणि टपालवाल्यांच्या फाइलीत सगळ्यात शेवटी: ‘दुखलं तरी सांगत नाहीत. दोनदा विचारणे.’ उभ्या केलेल्या पायात यांना कुठेच जागा नव्हती. तिने जागा केली.

“यंत्राला काय कळणार ते?” बाबांनी विचारलं.

“यंत्राला नाही. पाय पडद्यावर आला की आपल्याला दिसेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने कोरलेल्या साच्यावर जुना पेला चढवून मिस्त्रींनी कानाशी हलवला. आवाज आला नाही. त्यांनी गरम प्लास्टिक साच्यावर ओढून नवा पेला करायला घेतला.

टपालवाले अकराला दहा कमी असतानाच आले. नवा पाय चढवून ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“कसं वाटतंय, काका?” तिने विचारलं.

“झकास. जुन्याची आठवणसुद्धा नाही.”

मिस्त्री हत्यारं पुसायला लागले. टपालवाल्यांनी पिशवी खांद्याला लावली. तिने पडद्याकडे एकदा पाहिलं.

“काका, वळताना कुठे टोचतं का?”

टपालवाले थांबले. त्यांनी बाबांकडे चोरट्या नजरेनं पाहिलं, मग पिशवी उतरवून खुर्चीवर बसले.

“आता विचारतेसच म्हणून. पुढच्या हाडाशी, जरासं.”

मिस्त्रींनी कानस उचलली आणि नेहमीसारखं बाबांकडे पाहिलं.

“किती घासू?”

बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते.

“तिला विचार,” ते म्हणाले.

ती टेप घेऊन टपालवाल्यांसमोर खाली बसली.