सासूबाईंनी बाहेर थांबावं

तिवोंगेला दिवस गेलेत, तिला मूळव्याधीचा त्रास आहे, आणि डॉक्टरांनी तिला नवऱ्यापासून लांब झोपायला सांगितलंय, ही बातमी आमच्या मासळीबाजाराला तिच्या नवऱ्याच्याही आधी कळली. कारण उघड होतं. तपासणीला सोबत न्यामोने नावाची तिची सासू जायची.

तिवोंगे जन्मापासून बहिरी. आरोग्य केंद्रात नर्स दारातून नाव पुकारायची, हिला कळायचं नाही आणि हिचा नंबर जायचा. मग केंद्रानंच बजावलं, सोबत कुणाला तरी आण. न्यामोने आनंदानं निघाली. तिला खुणांची भाषा ओ की ठो येत नव्हती. डॉक्टर प्रश्न विचारायचे सुनेला, उत्तर द्यायची सासू, तेही स्वतःच्या मनचं.

एके दिवशी तिवोंगे उसिपाचे बारके मासे वाळत घालत होती. शेजारच्या मासळीवालीनं स्वतःचं बूड चोळून दाखवलं आणि अख्खी रांग खदखदली. तिवोंगेला ऐकू येत नसलं तरी डोळे होते. तिनं हातातली टोपली तिथंच आपटली आणि थेट बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या गोंडवे मास्तरांचं घर गाठलं.

पुढच्या वॉर्डसभेत ती उभी राहिली. तिचे हात चालत होते आणि मास्तर ते बोलून दाखवत होते. "माझं पोट माझं आहे. त्यात काय चाललंय ते डॉक्टरांनी मला सांगावं. सासूबाईंनी बाहेर थांबावं."

"अगं बाई! एवढं केलं हिच्यासाठी!" न्यामोने मागून कडाडली.

नगरसेवक लुहांगा हसले. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीत फार ऐसपैस बसायचा. "आमायी, अहो बाई, आम्ही कुणाला अडवतो का? दार सगळ्यांना सारखंच उघडं आहे. आणि घरचं माणूस सोबत असलं तर बिघडतं कुठं?"

तिवोंगेनं मास्तरांना गप्प राहायची खूण केली. मग सभेला आलेल्या आपल्या बहिऱ्या मंडळींकडे वळून तिनं हातवारे सुरू केले. मध्येच लुहांगांकडे बोट, मग स्वतःच्या पोटाकडे, मग भुवया उंच. बहिरी मंडळी पोट धरून हसायला लागली. एक म्हातारा कोळी तर बाकावरून घसरलाच.

लुहांगा सावरून बसले. त्यांनी शर्टाची बटणं चाचपली. "काय म्हणाली? अहो मास्तर, काय म्हणाली ती?"

मास्तरांनी नुसतं तिवोंगेकडे बोट दाखवलं.

"माझ्याबद्दल बोलतेय ना? मग मला कळायला नको?"

तिवोंगेनं मान डोलावली, तेव्हा कुठं मास्तरांनी तोंड उघडलं. "साहेब, ती म्हणाली, तुमचं नाव केव्हाच पुकारलं. तुम्ही ओ दिली नाही, आता रांगेत मागे जा. नाहीतर घरून सासूला घेऊन या."

सभागृहाचे पत्रे हादरतील असा हशा पिकला. लुहांगांचे कान लाल झाले, पण शेवटी तेही हसले. "बरं बाई, हरलो. मास्तर, शिकवाल का आमच्या नर्सना?"

नर्सनी कुरकुर केली. ल्युसुंगू नावाची नर्स तर म्हणाली, "आधीच हाताला फुरसत नाही, त्यात ही नाटकं!" पण शिकली मात्र तीच सगळ्यांत भराभर. आता ती नाव पुकारून थांबत नसे. बाकापर्यंत येऊन तिवोंगेच्या खांद्याला हात लावायची. मूळव्याधीचं औषधही तिवोंगेला तेव्हाच मिळालं. तोवर न्यामोने डॉक्टरांना सांगत आली होती की एरंडेल देतेय, काळजी नको.

बाळंतपणाच्या वेळी ल्युसुंगू घाबरली आणि 'जोर लाव'ऐवजी 'मासे वीक' अशी खूण करून बसली. तिवोंगे भर कळांमध्ये हसत सुटली, आणि त्या हसण्यातच पोर बाहेर आलं.

न्यामोने दाराशी ताटकळत होती. "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"आईला विचारा बाळाच्या," ल्युसुंगू म्हणाली आणि बाजूला झाली.

न्यामोने आत गेली. सुनेसमोर उभी राहिली. हात वर उचलले, पण त्यांचं करायचं काय ते तिला कळेना. इतकी वर्षं एका चुलीवर मक्याच्या पिठाची नसिमा शिजवूनही तिनं सुनेला कधी काही विचारलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

तिवोंगेनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग सासूचा हात धरला, बोटं एकेक करून नीट वळवली आणि 'मुलगी' म्हणायला शिकवलं.