येते म्हण

लॉकडाऊनमुळे मी परदेशात, शॅनन गावी मुलाच्या घरी अडकले होते. माझी सून कॅरिस वेल्सची, सायकल शर्यती हाच तिचा पेशा. वर्षभर शर्यत नाही, तरी बाई रोज सरावाला बाहेर. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे मी तिला ओरडून ओरडून शिकवलं होतं.

काल तिच्या मेल्या टीमने गाशा गुंडाळला. पस्तिशीतल्या बाईला आता कुणी घेणार नाही, एवढंच बोलली आणि जेवलीही नाही.

आज भर पावसात तिने सायकल काढली. हेल्मेट खुंटीलाच राहिलं.

“जाते, आई,” ती म्हणाली.

मी धावत जाऊन हँडल धरलं. “येते म्हण.”

ती रस्त्याकडे बघत राहिली.

“येते म्हण, कॅरिस.”

तिने पेडलवर पाय ठेवला. मी हँडल सोडलं नाही.