ठिपका आणि रेघ

"आधी बाटली उलटी करायची," धाकटी पाहुण्यांना सांगत होती, "आणि बुडाला अंगठा लावायचा. मधोमध ठिपका लागला तर बाटली आपली. ठिपक्याऐवजी आडवी रेघ लागली तर ती परकी. तिला आपल्यात घ्यायचं नाही."

पाहुणे हसले. चष्मेवाल्या बाईंनी तर वहीत लिहूनही घेतलं. आणि बाटल्या निवडायच्या सरकत्या पट्ट्याच्या टोकाला बसलेल्या थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आपली आणि परकी! शब्द तिचे, ते बोलताना मान कलती करायची लकबही तिचीच. अकरा वर्षांपूर्वी कचरा डेपोच्या उतारावर बसून तिनेच आपल्या धाकट्या जावेला हे अस्संच शिकवलं होतं. तेव्हा ही बया नाकाला फडकं दाबून हुंदके देत होती, दोन दिवस घास उतरला नव्हता तिच्या घशाखाली. आणि आज काय तोरा! जणू आईच्या पोटातूनच शिकून आली.

खरं तर थोरलीला कोणी विचारलं असतं, तर तिने याहून कितीतरी जास्त सांगितलं असतं. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, दोन्ही आरपार स्वच्छ. पण रेघवाली वेगळ्या प्लास्टिकची. ठिपकेवाल्यांच्या ढिगात तिच्यासारख्या तीन-चार जरी वितळल्या, तरी सगळा माल पिवळा पडतो आणि त्यात काळे कण येतात. अंगठ्यावर विश्वास नसेल तर बाटली मुडपून बघावी, घडीवर पांढरी रेघ उमटली की समजावं. थोरलीला मुडपावी लागत नसे. तिचा अंगठा पंचवीस वर्षं बाटल्यांच्या बुडांवरून फिरत होता.

पण विचारणार कोण? डेपो बंद झाला, त्याला भिंत घातली, भिंतीच्या आत पत्र्याची शेड आली, शेडमध्ये सरकता पट्टा आला आणि दाराशी मोठा फलक आला. त्यावर 'शाश्वत विकास' असं लिहिलं आहे, हे थोरलीला धाकटीनेच वाचून दाखवलं होतं. "म्हणजे काय गं?" असं थोरलीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे टिकणारी प्रगती, ताई. आपण करतो ना, तेच." त्या फलकावर फोटो मात्र एकट्या धाकटीचा. हातात बाटली, तीही तोंड पुढे करून धरलेली! बूड दाखवायचं सोडून तोंड दाखवतेय. थोरली रोज सकाळी त्या फोटोखालून आत जायची आणि रोज सकाळी तिचं पोट दुखायचं.

"आणि तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

थोरली ताडकन उठली. उत्तर तिला ऐकायचंच नव्हतं. शेड चालवणाऱ्या संस्थेच्या मॅडमचं नाव घेईल, नाहीतर त्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं, दुसरं काय! तिने भिंतीवरचं बटण दाबलं, पट्टा खडखडत सुरू झाला आणि धाकटीचं उत्तर त्या खडखडाटात गेलं.

"अगं, पाहुणे आहेत ना अजून!" शेजारची ओरडली. तिची जीभ दिवसभर चालू, म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणत.

"पाहुण्यांना काम बघायचंय ना? मग बघू देत की काम!"

त्या दिवशीचं काम साधं नव्हतं. बाटलीपासून पुन्हा बाटली बनवणाऱ्या एका कारखान्याने पहिला गठ्ठा मागवला होता. तो पास झाला, तर शेडचा माल कायमचा तिकडे जाणार होता आणि धाकटी गावोगावी फिरून बायकांना बाटल्या निवडायला शिकवणार होती. प्रशिक्षक, असं पद. जागा एकच. थोरलीचं नाव त्यासाठी कोणाच्या ओठांवरसुद्धा आलं नव्हतं. "त्यांना लिहिता-वाचता येत नाही ना," असं मॅडम हळूच म्हणाल्या होत्या आणि ते हळूच म्हटलेलं थोरलीला नीट ऐकू आलं होतं.

पाहुणे चहाला निघाले तेव्हा धाकटी लगबगीने थोरलीकडे आली. हातात एक चिठ्ठी होती. गठ्ठ्यावर चिकटवायची चिठ्ठी; माल कोणी पारखला, त्याचं नाव त्यावर लिहावं लागे.

"ताई, बघा ना जरा." डोळे चमकत होते तिचे.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? तू शिकलेली, तूच चिकटव."

"अहो, बघा तरी!"

"हात भरलेत माझे."

धाकटी हिरमुसली, पण लगेच हसली. "बरं, नका बघू. कळेल तेव्हा कळेल. मी वरवर बघून ठेवलाय माल. शेवटची नजर तुमचीच हं, ताई. मॅडम बोलावतायत, मी आलेच."

आणि गेली पाहुण्यांमागे, गळ्यातलं ओळखपत्र सावरत.

थोरली एकेक बाटली उलटी करत राहिली. ठिपका, ठिपका, ठिपका. मग अंगठा थांबला. रेघ. फिनेलची जुनी बाटली असावी, लेबल धुऊन गेलेलं. हिने वरवर बघितलं म्हणे! मॅडमच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. त्यात धाकटीचं हसणं वेगळं कळत होतं.

बाटली बाजूच्या टोपल्यात टाकायला हात उचलला होता तिने. टोपलं वीतभर अंतरावर होतं. पण तिच्या मनात आलं, नाव कोणाचं आहे चिठ्ठीवर? जिचा फोटो, तिचं नाव. मग जिचं नाव, तिने निस्तरावं. कळू दे जगाला, फोटोतल्या बाईला बाटली धरायची कुठे तेही कळत नाही.

तिने बाटली पुढे जाऊ दिली. थोड्या वेळाने दुसरी आली, तीही जाऊ दिली. तिसरीला अंगठा लावायच्या आधीच तिला कळलं होतं. तीही गेली. आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. संध्याकाळी गठ्ठा दाबून बांधला, धाकटीने त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि तळहाताने दोनदा थोपटली.

नवव्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना पट्ट्याजवळ बोलावलं. त्यांच्या हातात प्लास्टिकचा एक तुकडा होता. पिवळट, आत मिरीची पूड पडावी तसे काळे कण.

"माल परत आलाय," त्या म्हणाल्या. "रेघवाल्या बाटल्या निघाल्या त्यात. अजून एकच संधी देतायत ते." मग त्यांनी फाटकी चिठ्ठी उलगडली, वाचली आणि मान वर करून थोरलीकडे बघितलं. "यावर नाव तर तुमचं आहे."

"माझं?" थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "माझं कसं असेल?"

"तुमचंच आहे. पूर्ण नाव. आणि पुढे कंसात 'यांनी शिकवले' असंही लिहिलंय."

बायकांनी माना पुढे काढल्या.

"मी लावलं ते नाव," धाकटी पुढे आली. तिने एकदाच थोरलीकडे बघितलं, सरळ, क्षणभर जास्तच. मग मॅडमकडे वळली. "पण पारख माझी होती. पाहुण्यांच्या गडबडीत होते मी. माझ्याच हातून सुटल्या. त्यांचा काही संबंध नाही."

"मग प्रशिक्षणाचं काय करायचं आता? जी स्वतःच चुकते, तिला दुसऱ्यांना शिकवायला कशी पाठवू?"

"नका पाठवू," धाकटी म्हणाली.

पंचवीस वर्षांत थोरलीचं नाव कुठे लागलं नव्हतं. ना फलकावर, ना वहीत. एकदा लागलं, तर तिने स्वतःच्या हाताने त्याला काळं फासलं. आणि ही वेडी, ही वेडी बाई तो डाग स्वतःच्या अंगावर घेऊन उभी होती. हे मात्र थोरलीला सोसवेना.

"तिच्या हातून नाही सुटल्या," ती म्हणाली. "मी बघितल्या. तीन होत्या. बघून सोडल्या मी."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. "जावेसाठी एवढं? किती मोठं मन आहे तुमचं!"

"अहो, मोठं मन कसलं! खरं सांगतेय मी. जळत होते मी तिच्यावर, म्हणून सोडल्या!"

"बास, बास. तुमच्या हातून असं होणारच नाही, सगळ्यांना माहितेय."

"अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं गं बाई!" रेडिओला कंठ फुटला आणि चारचौघींनी माना डोलावल्या. थोरली ओरडून सांगायला गेली, तशा त्या आणखीच गहिवरल्या. खरं बोलायचं ठरवलं आणि ते कोणी घेईना, अशी तिची गत झाली. धाकटी तेवढी मान डोलवत नव्हती. ती फडक्याने पट्टा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती.

सुटी झाल्यावर दोघी रोजच्यासारख्या बरोबर निघाल्या. घर एकच, मधे एक भिंत. फलकाखालून जाताना थोरलीने वर बघितलं नाही.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"तुकडा बघितल्या बघितल्या. तुमच्या अंगठ्याला रेघ लागली नाही, असं होईल का कधी, ताई?"

"मग माझ्या वाटचं का घेतलंस अंगावर?"

"चिठ्ठीवर नाव तुमचं होतं ना." धाकटी चालत राहिली. "त्या चष्मेवाल्या बाईंनाही तेच सांगितलं होतं मी, ह्यांनी शिकवलं म्हणून. तुम्ही पट्टा चालू केलात. मला वाटलं, चला, निदान पहिल्या गठ्ठ्यावर तरी तुमचं नाव लागू दे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरलीने भांडून घेतलं असतं, रडून घेतलं असतं, काहीतरी केलं असतं. भिंतीच्या दोन बाजूंची दोन दारं आली. "येते, ताई," असं नेहमीसारखं म्हणून धाकटी आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गठ्ठ्याचं काम सुरू झालं. एवढी वर्षं शेवटची जागा थोरलीची होती. तिच्यापुढे पट्टा संपायचा, तिने सोडलेली बाटली थेट गठ्ठ्यात जायची. त्या दिवशी धाकटीने एक रिकामं खोकं ओढलं, ते थोरलीच्या पलीकडे, पार टोकाला ठेवलं आणि त्यावर बसली.

"ऊन लागतंय तिकडे," एवढंच म्हणाली.

थोरलीने पहिली बाटली उलटी केली, अंगठा लावला आणि पुढे सोडली. धाकटीने ती उचलली. उलटी केली. बुडाला अंगठा लावला. मग गठ्ठ्यात टाकली.

थोरलीने दुसरी बाटली घेतली. ठिपका होता, तरी तिने अंगठा दोनदा फिरवला. बाटली पुढे सोडली आणि धाकटीचा अंगठा लागेपर्यंत ती तिसरीला हात न लावता थांबून राहिली.