नीरफणसाला टांगलेला सिलिंडर आणि बारा मासे

मित्रांनो, ज्ञानाचा उगम कोठे होतो यावर जगभरच्या विद्वानांत वाद आहेत. आमच्या गावात नाहीत. आमच्या गावात ज्ञान माझ्यापासून सुरू होते. मी बोललो की मुले वर्गात जातात, पुन्हा बोललो की बाहेर येतात, आणि मधल्या वेळात ती जे काही शिकतात त्याचा पाया मीच घातलेला असतो.

मी एक जुना गॅसचा सिलिंडर आहे. रिकामा आहे. निदान तसा सर्वांचा समज आहे.

सामोआच्या सावाई बेटावर, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या आमच्या शाळेपुढे नीरफणसाचे झाड आहे. त्याच्या आडव्या फांदीला मला साखळीने टांगले आहे. मुले लोखंडाच्या तुकड्याने मला बडवतात आणि त्याला घंटा म्हणतात. शेजारच्या गावातही असाच एक सिलिंडर आहे, पण त्याचे बूड कापलेले असल्यामुळे त्याचा आवाज गोड येतो. माझेही बूड कापायला एक माणूस करवत घेऊन आला होता. त्याने मला हुंगले आणि विचारले, "पूर्ण रिकामा आहे ना?" सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. तो करवत घेऊन परत गेला. माझा आवाज तेव्हापासून जरा बद्दच आहे.

माझी उमेदीची वर्षे गावच्या चर्चच्या पाळकांच्या स्वयंपाकघरात गेली. तेव्हा माझा रंग लालभडक होता. पाळकीणबाई मला रोज फडक्याने पुसत आणि पाहुण्यांना दाखवत. होडी मासे घेऊन किनाऱ्याला लागली की एक वाटा आमच्या दारात येऊन पडे. कोणी मागत नसे, कोणी आठवण करून देत नसे. मग माझ्या आचेवर नारळाच्या दुधात ते मासे शिजत आणि पाळक डोळे मिटून देवाचे आभार मानत. माझे कोणी मानले नाहीत, पण मी ते मनाला लावून घेतले नाही.

पुढे माझी चावी बिघडली, नवा सिलिंडर आला आणि माझी रवानगी डुकरांच्या कुंपणामागे झाली. तेथे एक कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घाली. मी ते दिवस वाईट होते असे म्हणणार नाही, पण सांगण्यासारखेही नव्हते. अखेर शाळेची जुनी घंटा तडकली आणि पितोलुआ सर मला गडगडत घेऊन आले.

पितोलुआ सरांची शिकवण्याची पद्धत सोपी होती. सर म्हणत, मुले म्हणत. सर थांबले की मुले थांबत. एकदा सर शिंकले तर सगळा वर्ग सुरात शिंकला. शेवटी सर विचारत, "समजलं?" आणि सगळ्या भुवया एकदम वर जात. आमच्याकडे हो म्हणायला तोंड उघडावे लागत नाही, भुवया उचलल्या की काम भागते. नाही समजले असे म्हणणे म्हणजे सरांना शिकवता येत नाही असे त्यांच्या तोंडावर सांगणे. इतके उद्धट मूल आमच्या गावात जन्माला आलेले नव्हते. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या भाषणात त्यांनी अभिमानाने सांगितले की, इतक्या वर्षांत मला एकाही मुलाने एकही प्रश्न विचारला नाही.

त्यांच्या जागी ओसाना बाई आल्या. गावचीच मुलगी, राजधानीत, आपियात शिकून आलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "कोणाला काही विचारायचंय?" बाहेरून एक डुक्कर गेले, तेवढाच काय तो आवाज. बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. रोज विचारत राहिल्या. मग त्यांनी मुलांना माझ्या सावलीत आणून बसवले. ज्याला गणित आले त्याने शेजाऱ्याला शिकवायचे, असा नियम केला. गावात कुजबुज सुरू झाली. "पगार बाई घेते आणि शिकवतात पोरं! बरं जमवलंय."

या वर्गात मालेता नावाची मुलगी होती. गणितात हुशार, पण मान सदा खाली. शिकवताना ती इतकी हळू बोले की ऐकणाऱ्याला तिच्या गुडघ्यापर्यंत वाकावे लागे. आपियातल्या मोठ्या शाळेत आमच्या गावासाठी एकच जागा होती आणि ती मालेताला मिळणार असे सर्वांनी धरले होते. तिच्या आजीने त्या शाळेचा गणवेश शिवूनही ठेवला होता. वाढत्या अंगाचा, म्हणजे दोन मालेता मावतील एवढा.

परीक्षा झाली. निकाल मात्र आला नाही. त्याऐवजी आले आलापाती साहेब, राजधानीतले शिक्षणाधिकारी. एका हातात विणलेला पंखा, दुसऱ्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. माझ्याखाली खुर्ची टाकून ते बसले आणि गणित वाचून दाखवले. तीन भावांनी बारा मासे पकडले. मासे सारखे वाटले, तर एकेका भावाला किती?

"सगळ्या वर्गानं लिहिलंय, तीन!" साहेब म्हणाले. "बाई, चुकीचं उत्तर एकाचं असलं तर ती चूक. सगळ्यांचं तेच असलं तर ती नक्कल. निकाल रद्द होईल, ती जागा दुसऱ्या गावाला जाईल आणि तुमच्या नोकरीचंही मला वर कळवावं लागेल."

मग त्यांनी मुलांकडे पाहून दरडावले, "एकमेकांचं बघून लिहिलंत ना?"

मित्रांनो, एवढा मोठा माणूस, एवढ्या लांबून आलेला. त्याला नाही कसे म्हणायचे? सगळ्या भुवया वर गेल्या. ओसाना बाईंनी डोळे मिटून घेतले.

गावचे मुख्य वाइफाले काका घाईघाईने पुढे आले आणि बाईंच्या कानाशी लागले. "हे बघ पोरी, माफी मागून मोकळे होऊ. माफी मागताना द्यायची बारीक विणीची चटई काढलीये. डुक्करही भट्टीत गेलंय."

"काका, पण पोरांनी नक्कल केलेलीच नाही!"

"नसेल केली. पण भट्टीतलं डुक्कर आता बाहेर काढता येतंय का?"

"मी शिकवायला चुकले असेन तर हजारदा माफी मागेन," बाई म्हणाल्या. "पण जे केलंच नाही त्याची माफी मागायला मी पोरांना शिकवणार नाही. तेवढा एक धडा माझ्याकडून व्हायचा नाही." मग त्या मुलांकडे वळल्या. "तीन कसे आले रे? सांगा तरी साहेबांना!"

कोणी सांगेना. साहेबांनी एकदा नक्कल म्हटल्यावर त्यांना खोडून काढणार कोण? मालेताने तोंड उघडले, साहेबांचा पंखा पाहिला आणि मिटले.

बाई उठल्या आणि तडक किनाऱ्याकडे गेल्या. तेथे त्यांचे तीन चुलतभाऊ होडी ओढून घेत होते. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, वारा उलटा होता. पण थोड्याच वेळात ते तिघे भाऊ खांद्यावरच्या काठीला मासे लटकवून आमच्याकडे आले. चांगले जाडजूड कुपा मासे. मोजून बारा. मी याला योगायोग म्हणतो, कारण बाईंनीही तसेच म्हटले.

"साहेब, पाहुणा आला की आमच्याकडे वाटे त्याच्या हातानं करून घेतात," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?" वाइफाले काकांनी विचारले.

"काका, गप्प बसा."

आलापाती साहेब खूश झाले. ते मूळचे आमच्याच बेटावरचे, कोळ्याच्या घरात वाढलेले. माशाला हात लागताच त्यांच्यातला अधिकारी उतरला. पंखा बाजूला पडला, बाह्या वर गेल्या. केळीची पाने अंथरून ते भराभरा मासे मांडू लागले. "हे थोरल्याचे. हे मधल्याचे. हे धाकट्याचे. आणि हे पाळकांकडे पोचवा रे आधी, ऊन चढतंय!"

पानांवर चार ढीग होते. प्रत्येक ढिगात तीन मासे.

मग खालून कोठून तरी एक बारीक आवाज आला. मान खालीच होती, पण आवाज मालेताचा होता.

"साहेब, पेपरातल्या गावात पाळक नसतात का?"

साहेबांनी माशांकडे पाहिले. माशांनी साहेबांकडे पाहिले. वाइफाले काका गोंधळून म्हणाले, "पाळकांना वगळून वाटे? असं कोण करतं? कुठलं गाव ते?" आणि साहेब एकदम खाली मांडी घालून बसले. त्यांचे पोट हलू लागले. बराच वेळ हलत राहिले, तेव्हा कोठे हसू तोंडापर्यंत पोहोचले.

"अगं पोरी! मीही तीनच लिहिले असते की!"

ओसाना बाईंचे मात्र साहेबांकडे लक्षच नव्हते. त्या मालेताचे दोन्ही हात धरून म्हणत होत्या, "विचारलंस! परत विचार! सगळ्यांना ऐकू येईल असं विचार!" मालेताने विचारले. या वेळी मान वर होती.

साहेबांनी माशांच्या गणिताचे गुण देऊ केले, पण बाईंनी नको म्हटले. "पेपराला चार हवे होते, आम्ही तीन लिहिले. चूक ती चूक. पेपरात नसलेल्या माणसाला पंगतीला बसवायचं नाही, एवढं यांना मी शिकवायला हवं होतं. नक्कल तेवढी पुसा." साहेबांनी ती पुसली. जाताना त्यांनी मुलांना पुन्हा विचारले, "मग, नक्कल नव्हती ना केली?" सगळ्या भुवया वर गेल्या, आधी गेल्या होत्या अगदी तितक्याच. साहेब त्यांच्याकडे विचारात पडून पाहत राहिले. मग ते डुक्कर खायला गेले, कारण माफी नसली तरी डुक्कर झालेच होते.

मालेता आपियाला गेली. आजीचा गणवेश तिला अजून मोठाच होतो, पण आता ती त्यात ताठ चालते असे ऐकतो.

आणि आमचा वर्ग बिघडला. मुले आता प्रश्न विचारतात. लाटा किनाऱ्यालाच का येतात, पाळकांना कोण शिकवते, पितोलुआ सर शिंकले तर आपण का शिंकायचे? तास संपतच नाही. सुट्टीची घंटा द्यायचे कोणाला भान राहत नाही आणि मी तासन्‌तास नुसता लोंबकळत असतो. माझे महत्त्व कमी झाले आहे, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. म्हणून मित्रांनो, माझे तुम्हाला सांगणे आहे की, जुन्या वस्तूंना जपा, उत्तराची वाट पाहणाऱ्या बाईंना जपा, आणि प्रश्न विचारा. बिनधास्त विचारा.

फक्त सिलिंडरमध्ये अजून थोडा गॅस उरला आहे का, हा प्रश्न काल ज्याला पडला, त्याने कृपा करून काडेपेटी घरी ठेवून यावे. गॅस उरलेला नाही. बहुतेक.