सुमिरेचं एकच वाक्य

हिराकी बाईंच्या चौथीच्या वर्गात सुमिरे एप्रिलमध्ये आली आणि आली तशी गप्पच राहिली. बेटावरच्या शाळेची ती शेवटची विद्यार्थिनी. ती शाळा बंद पडली, तेव्हा वडिलांनी इकडे किनाऱ्यावरच्या गावात काम धरलं. निबंधाच्या तासाला ही बया नुसतं नाव लिहून कागद परत द्यायची. बाईंनी लाडीगोडी लावून पाहिली, रागावून पाहिलं. जूनमध्ये मात्र तिने दोन पानं भरून दिली. बेट सोडलं त्या दिवसाचं वर्णन होतं. ती बोटीवर, बाकी गाव धक्क्यावर, आणि बोट सुटताना दोन्हीकडून धरतात त्या निरोपाच्या कागदी फितीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं शेजारच्या फुमी काकूंच्या. दोन पानांत वाक्य मात्र एकच. 'आणि', 'मग', 'तरी', 'म्हणून' करत मारुतीच्या शेपटासारखं लांबलेलं, पूर्णविराम थेट तळाशी. बाईंना इतका आनंद झाला की जेवण सुचेना.

पंचाईत पुढेच होती. शाळेत दरवर्षी खुला तास होतो. बाकीचे शिक्षक मागे उभे राहून मुलांचं काम बघतात आणि नंतर चहाबरोबर त्याचा कीस काढतात. यंदा पाळी हिराकी बाईंची. त्यांची पद्धत अशी, की मुलांनी आपलंच वाक्य 'आणि', 'म्हणून' अशा सांध्यावर कात्रीने कापायचं, पट्ट्या बाकावर मांडायच्या आणि मुख्य वाक्य कोणतं, त्याला कोण लोंबकळतंय ते शोधायचं. मुलांना मजा यायची. पण सुमिरेचं वाक्य सगळ्यांसमोर कापायला लावलं आणि पोरगी पुन्हा मिटली तर? बाईंनी हे शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवलं.

"वगळा तिला," कुसाबा सर म्हणाले. शाळेत सर्वांत ज्येष्ठ, आणि जिभेला हाड म्हणून नाही. "त्या वाक्याला कात्री कसली पुरते, कोयता आणा."

"वगळलं तर तिला कळेल ना, सर."

"मग निस्तरा. मी तिच्याच बाकापाशी उभा राहणार."

आणि राहिलेच. तास सुरू झाला, वर्गभर कात्र्या वाजू लागल्या. शेजारच्या चिहारूने सुमिरेला आपली कात्री दिली. सुमिरे ती हातात धरून नुसती बसली. बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

"नको असेल तर राहू दे, बाळा."

"नाही बाई, कापायचंय. जागा शोधतेय."

पाहुण्यांनी मुलांशी बोलायचं नसतं, पण कुसाबा सरांना राहवेल तर शपथ. "हा काय 'म्हणून'. इथं सांधा आहे की."

"तिथं नाही कापता येत. तिथं फीत फुमी काकूंच्या हातात आहे."

"बरं, मग हा 'तरी'?"

"तिथं पण आहे. बोट लांब गेलीय, पण फीत ताणलेलीच आहे."

सुमिरेचं बोट ओळींवरून खाली खाली सरकत तळाशी थांबलं. "इथं तुटली," ती म्हणाली आणि तिने कापलं. हातात चिमुकली पट्टी आली: 'माझ्याकडे नुसता तुकडा राहिला.'

"हे मुख्य," ती म्हणाली. "बाकीचं सगळं याला लोंबकळतंय."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि डोळेही भरून आले. ते लपवायला त्या फळ्याकडे वळल्या. इतके दिवस त्या सांधे मोजत होत्या. पोरगी वाक्य का थांबवत नव्हती, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"बाई, याच्यापुढे लिहायला कागद मिळेल?"

बाईंच्या आधी कुसाबा सरांनीच हातातला कागद पुढे केला. आजचं निरीक्षण लिहायचा कागद होता तो. त्यावर त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"घे. कोराच आहे."

सुमिरेने पट्टी वर चिकटवली, चिहारूची कात्री तिला परत दिली आणि खाली लिहिलं, 'आता माझ्याशेजारी चिहारू बसते.' मग पेन्सिल दाबून पूर्णविराम दिला.