दोघांनी खेळायचा गेम

सांडूचे बूट गेले, थाळी-चमचा गेला, गादीसुद्धा गेली. पोमानाला, म्हणजे मेलेल्याच्या स्मरणाच्या दानाला, त्याच्या नावानं जे द्यावं ते त्याला तिकडे मिळतं आणि घरात राहिलं त्याला तो मुकतो, याबद्दल गावात दुमत नव्हतं. तिकडे टीव्ही आहे का, असला आगाऊ प्रश्न कोणी विचारत नसे.

वर्षाच्या पोमानाला उरल्या होत्या त्याच्या गेमच्या दोन डिस्क. एक त्याच्या दोस्ताला, रेलूला द्यायची आणि एक आठवण म्हणून ठेवायची, असा हट्ट थोरल्या बहिणीनं, इलिंकानं धरला होता. आता निवडायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय गं असतं यात?" आईनं विचारलं.

इलिंकानं पहिला गेम लावला. बर्फानं भरलेलं जंगल, त्यात एकटा माणूस. लाकडं गोळा करायची, शेकोटी पेटवायची.

"मग?"

"मग काही नाही. तगून राहायचं."

"त्याला कोणी भेटत नाही?"

"लांडगे भेटतात."

आईनं छातीवर क्रूसाची खूण केली. "दुसरा दाखव."

दुसऱ्यात दोन बुटके होते, एकाच दोरीनं कमरेला बांधलेले. खड्ड्यांवरून उड्या मारायच्या; एक पडला की दुसराही गेलाच. सांडू आणि इलिंका हा खेळताना पोट दुखेस्तोवर हसायचे.

"हाच दे," आई लगेच म्हणाली. "हसेल तरी माझा बाळ."

"अगं, याला दोघं लागतात. तिकडे दुसरं कोण आहे त्याला?"

आईनं एप्रनला हात पुसले आणि कंट्रोलर उचलला. "मला शिकव."

तिकडचं दुसरं कोण, ते इलिंकाला कळलं. साधा फोन धड लावता न येणारी ही बाई! सांडूची मोटरसायकल घसरली त्या दिवसापासून तिचं जेवण चिमणीएवढं झालं होतं, आणि आता हे. इलिंकानं घाईघाईनं डिस्क काढून घेतली. तेवढ्यात रेलू चर्चमधून आला. तिनं पाव आणि पेटती मेणबत्ती त्याच्या हातात दिली, आणि वर जंगलाचा गेम ठेवला.

"सांडूला पोचो."

"देव त्याला क्षमा करो," रेलू म्हणाला आणि गेला.

भावाला आपण एकट्याला बर्फात धाडलं, या विचारानं तिला रडू कोसळलं. पण आई तरी राहिली होती.

आई मुळीच चिडली नाही. "असू दे. शेकोटीजवळ बसेल तोवर बापडा. हा माझ्या पोमानाला दे. माझ्या नावानं. चल, उडी कुठल्या बटणानं मारायची?"

डिस्क परत लावून इलिंका धडधडीत खोटं बोलली. "वरच्या."

आईचा बुटका खड्ड्यात गेला.

"पुन्हा."

पुन्हा खड्डा. इलिंकाला हायसं वाटलं. अशी ही जन्मात शिकायची नाही. शिकली नाही तर जायची घाईही करायची नाही.

"पुन्हा," आई म्हणाली. मग थांबली. शेजारी कोणी हळू बोलत असावं तशी तिनं मान तिरकी केली, आणि तिचा अंगठा सरळ खालच्या बटणावर गेला. बुटका खड्डा अलगद ओलांडून गेला.

"आई, हे बटण तुला कसं कळलं?"

"तो म्हणाला, ताई चुकीचं सांगतेय," आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आणि म्हणाला, लवकर शिक."