आधी खाली ये

प्रेमिलाकाकूंनी निरांजन दुर्गेशच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नेलं आणि हात तिथंच थांबवला.

अर्धा फेरा.

कपाळाला कुंकू लागलेलं, अक्षता अजून ताटातच. समोर दिवा तेवत असताना उठून जायचं नसतं, हे दुर्गेशला ठाऊक होतं, त्याच्यामागून आलेल्या बायकांना ठाऊक होतं, आणि काकूंना तर सगळ्यांत जास्त. म्हणून नगरसेवकपदाचा उमेदवार भर गल्लीत उकिडवा बसून राहिला.

उकिडवा का, ते आधी.

रस्ता वर होता आणि घर खाली. शिवकृपा लेआउटमधली घरं बांधली तेव्हा ओट्यावर चढायला पायऱ्या होत्या. मग डांबर आलं. डांबरावर डांबर, त्यावर पुन्हा डांबर, दर निवडणुकीला नवा थर. पायऱ्या बुडाल्या, ओटे बुडाले. आता लोक घरात चढत नाहीत, उतरतात. प्रत्येक दारापुढे पाणी अडवायला विटांचा बांध. पाहुणा आधी बांध ओलांडतो, मग रामराम करतो.

तर काकू खाली, आपल्या दारात, हात उंच करून. दुर्गेश वर, रस्त्याच्या कडेला, मान वाकवून.

"काकू, हात दुखला का?" त्यानं हळूच विचारलं.

"हात ठणठणीत हाये. तू सांग, खोदशील का नाही?"

(दिवा तेवतोय.)

मागे उभ्या ई-रिक्षाच्या भोंग्यातून नेमकं तेव्हाच, 

ना खोदकाम, ना त्रास! गल्ली तेथे सिमेंट! आपला माणूस, कामाचा माणूस, आपले लाडके दुर्गेशभा

कुणीतरी भोंगा बंद केला. मिरवणुकीपुढचे संदलचे ढोलवाले मात्र वाजवतच होते. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. काकू दुर्गेशच्या विरोधात नव्हत्या. समोरच्या पार्टीवाल्याचं नाव काढलं तर त्या चहाचा कप अर्धा ठेवून उठत. दुर्गेशनं नळाची लाइन आणली, खांबांवर दिवे आणले, आणि मुख्य म्हणजे तो फोन उचलतो. निवडून आल्यावरही उचलतो. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर पार्टीच्या टेबलामागची पहिली खुर्ची काकूंची, हे सगळ्या लेआउटला माहीत. आत्ताही त्यांच्या गळ्यात त्याच्याच पार्टीचा दुपट्टा होता.

फक्त हे सिमेंट. आहे त्या डांबरावरच ओतणार. न खोदता. म्हणजे रस्ता अजून वीतभर वर आणि घर अजून वीतभर खाली.

काकूंनी ऑफिसात जाऊन विचारलं. "पाहू काकू." लग्नात गाठून विचारलं. "पाहू ना काकू." व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिलं. तो मेसेज दुर्गेशचा कार्यकर्ता आणि ग्रुप सांभाळणारा सौरव, त्यानं उडवला आणि त्या जागी गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात टाकलं.

मग काकूंनी ताट घासलं.

"काकू, आटपा ना," सौरव गर्दीतून पुढे आला. "पुढं लय घरं हायेत."

"मंग जा ना तू पुढं. तुले कोन ओवाळून राहिलं?"

बायका हसल्या. दुर्गेशही हसला, पण बसल्या बसल्या त्यानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"काकू, ऐका. खोदलं की नळाची लाइन फुटते. दारापुढं खड्डा, गाडी दारापर्यंत आनता येत नाही, म्हातारी माणसं पडतात. मागच्या गल्लीत खोदलं तवा तुमीच फोन करून राहिल्या होत्या मले. सकाळ-संध्याकाळ."

खरं होतं ते.

"केला," त्या म्हणाल्या. "आनखी करीन. फोन कराले त तुले निवडून देतो."

(दिवा तेवतोय. तूप निम्म्यावर.)

"बरं, एक काम करतो." दुर्गेशनं आवाज खाली आणला. "तुमच्या दारापुढं मोठी नाली देतो. वर लोखंडी जाळी. शब्द हाये माहा."

"आन इंदुताईच्या दारी?"

"पाहू."

"म्हंजे माह्या नालीतलं पानी तिच्या घरात. शेजारीण बुडवून मले नाली नको, बापा. मी माह्यासाठी मांगून राहिली का?"

शेजारच्या बांधामागे इंदुताई स्वतःचं ताट धरून कधीच्या उभ्या होत्या. आपलं नाव निघालं तशा त्या गडबडल्या.

"प्रेमिला, ओवाळ वं बाई पुरं. अर्धं ठेवू नये. अपशकून होते त्याले."

"आन पानी शिरते तवा शकून होते का?"

"तसं नाही वं. पन मोठा रोड असाच वर केला तवा नारळ त तूच फोडला होता ना? फोटोत हायेस तू. हार घालून."

"फोडला. नारळ फोडला म्हनून तोंड शिवून घेतलं का म्या?"

संदल थांबलं. वाजवणाऱ्यांना पुढचं आता दिसायला लागलं होतं.

काकूंचा हात आता भरून आला होता. ताट जड नव्हतं, पण वर धरलेला हात तो वर धरलेला हात. सून घरी असती तर म्हणाली असती, आई, द्या इकडे. ती कामठीला माहेरी गेली होती. बरं झालं. हे ताट दुसऱ्याच्या हातात द्यायचं नव्हतं.

"दुर्गेश, खाली ये."

"आं?"

"खाली ये. माह्या दारात उभा राह्य आन तिथून सांग, काकू, रस्ता अजून वर करतो म्हनून. तिथून सांगितलंस त मी पुरं ओवाळीन. वरतून नको सांगू."

दुर्गेशनं बांधाकडे पाहिलं. उतरायला काही नव्हतं, एक पाय टाकायचा होता फक्त. त्यानं गुडघ्यावर हात ठेवलासुद्धा.

सौरव त्याच्या कानाशी वाकला. पण कुजबुजणं सौरवला कधी जमलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "भाऊ, उतरू नका. समोरच्याचा मानूस मोबाइल धरून उभा हाये. उमेदवार खड्ड्यात, असं लिहून टाकंन."

गुडघ्यावरचा हात गुडघ्यावरच राहिला.

"काकू," दुर्गेश म्हणाला, "निवडून येऊ द्या. मंग आपन निवांत बसू."

"बसलाच त हायेस."

हे हसू पार ई-रिक्षापर्यंत गेलं. दुर्गेशचा चेहरा मात्र कुंकवाच्या रंगाकडे झुकला.

आता काय करायचं, याचे काकूंपुढे दोन रस्ते होते. फेरा पुरा करायचा, अक्षता टाकायच्या, तोंड गोड करून पाठवायचं, आणि पाण्याची वाट पाहायची. किंवा

त्यांनी ताट बांधाच्या विटांवर ठेवलं.

दिवा तेवत होता, पण आता तो कुणासमोर नव्हता.

"अर्धं झालं तुह्यं," त्या म्हणाल्या. "मत पक्कं हाये, पोरा. आजही पक्कं, मतदानाच्या दिवशीही पक्कं. दुसऱ्या कोनाले देनार नाही. पन राहिलेला फेरा खोदशील त्या दिवशी."

बायकांमधून एक लांब "अगं बाई" उठलं. दुर्गेश उभा राहिला. पायाला मुंग्या आलेल्या, तो लंगडला, आणि त्याला सावरायला सगळ्यांत आधी पुढे झाला तो खालून वर आलेला काकूंचाच हात.

त्यानं तो धरला. मग सोडला.

सौरव पुढे सरकला. "काकू, आता टेबलावर तुमी नका बसू. दुसरी बाई पाहतो आमी. आन तो दुपट्टाही द्या."

ती खुर्ची होती काकूंची. लेआउटमध्ये त्यांना कुणी विचारत होतं, तर त्या खुर्चीमुळे विचारत होतं. सुशिक्षित मंडळीही वाट वाकडी करून त्यांच्याकडे येत. हे सौरवला माहीत होतं, म्हणूनच त्यानं बोट तिथं ठेवलं.

काकूंनी दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं.

"शाळेपुढचा रस्ता तुह्या बापाचा नाही. खुर्ची नाही देशील त घरून आनीन. आन दुपट्टा?" त्यांनी तो गळ्याभोवती आणखी एक वेढा देऊन घट्ट केला. "हा दुर्गेशच्या पहिल्या निवडनुकीतला हाये. तवा तू कोन्या पार्टीत होता, सांगू का माइकवर?"

सौरवनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मग काकूंनी लुगडं सावरलं, एक हात विटांवर टेकला आणि बांध ओलांडून रस्त्यावर आल्या. सरळ दुर्गेशच्या शेजारी.

"तुमी कुठं?" तो म्हणाला.

"प्रचाराले. तुहा प्रचार तू एकटा करशील का? चाल. इंदुताई कधीची उभी हाये."

तो गेला. दुसरं काय करणार?

इंदुताई आपल्या बांधामागे, खाली. ताट हातात, ते हलत होतं आणि त्यातल्या सुपारीचा आवाज येत होता. दुर्गेश सवयीनं रस्त्याच्या कडेला उकिडवा बसायला लागला. इंदुताईंनी एकदा प्रेमिलाकडे पाहिलं.

"बसू नको गा," इंदुताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की दुर्गेशला कान पुढे करावा लागला. "माहा हात पुरत नाही वरपर्यंत. तू... खाली येतं का?"

दुर्गेश थांबला. मोबाइलवाल्याकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. मग पांढरा कुर्ता एका हातानं वर धरून त्यानं बांधावरून पाय टाकला.

खाली उतरून त्यानं वळून पाहिलं, तर आपल्या माणसांचे आधी पायच दिसले. चपला, बूट, सौरवचे पांढरे सॅंडल. उघड्या दारातून घरातला पलंग दिसत होता, चारही पायांखाली विटा लावलेला.

"ताई," त्यानं विचारलं, "पानी कुठवर येते?"

इंदुताईंना शब्दांत सांगायचं सुचलं नाही. त्यांनी ओलं कुंकू लागलेलं बोट पुढे केलं आणि त्याच्या कुर्त्यावर, मांडीपाशी, आडवी रेघ ओढली.

"इथवर."

मग त्यांनी ओवाळलं. पुरं ओवाळलं, अक्षता टाकल्या, साखर दिली. अपशकून नको म्हणून.

वर येताच सौरव ओला रुमाल घेऊन धावला. घासलं तशी रेघ फाकली आणि रुंद झाली.

"राहू दे बे," दुर्गेश म्हणाला. रागानं म्हणाला की कशानं, ते काकूंना कळलं नाही.

पुढच्या बांधामागे त्या घरची सोनिका ताट घेऊन उभी होती. तिनं हे सगळं पाहिलं होतं. तिचं बोट कुंकवात आधीच बुडवलेलं होतं, आणि तिचं घर इंदुताईंच्या घराहून खोल होतं.